निरंक आणि अप्राप्त : विदागाराच्या उत्तरांत गळणाऱ्या तारखांविषयी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघणारी लाँच बंदर ओलांडून मोऱ्यास पोहोचते. मोरा हे उरणचे बंदर. उरण एके काळी पनवेल तालुक्याचा पेटा असल्यामुळे जुन्या कागदपत्रांत मोऱ्याचा उल्लेख पनवेलच्या अनुषंगाने होतो. आज उरण हा रायगड जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका आहे. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला आणि त्याच सुमारास उरणपर्यंत उपनगरी रेल्वेही धावू लागली. तथापि तत्पूर्वी दीर्घकाळ उरणकरांचा मुंबईशी असलेला सर्वांत जवळचा मार्ग हाच होता. या मार्गास दोन अडचणी जन्मापासूनच चिकटलेल्या आहेत. बंदरात गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्यास लागू शकत नाही, आणि पावसाळ्यात बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला म्हणजे वाहतूक थांबते.

अशा मार्गावरील प्रवाशांची दैनंदिन मोजणी हे प्रस्तुत लेखाच्या विषयास उत्तम उदाहरण आहे. तो विषय असा : ज्या दिवशी काहीच घडले नाही, त्या दिवसाची तारीख विदागाराच्या, म्हणजे व्यवहारात ज्यास आपण डेटाबेस म्हणतो त्याच्या, उत्तरात उमटत नाही. ती का उमटत नाही, कशी उमटवावी, आणि उमटविल्यानंतर तिच्यासमोर काय लिहावे, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे. पुढे दिलेले प्रवासीसंख्येचे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही कचेरीच्या दप्तरातून उतरविलेले नाहीत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१. प्रश्नाचे स्वरूप

समजा, प्रत्येक विकल्या गेलेल्या तिकिटामागे विदागारातील एका कोष्टकात एक ओळ लिहिली जाते. त्या ओळीत तिकिटाचा क्रमांक, मार्ग आणि प्रवासाची तारीख असे रकाने आहेत. आता जुलै महिन्याच्या ९ तारखेपासून १५ तारखेपर्यंत दररोज किती प्रवासी मोऱ्यास गेले, अशी पृच्छा आपण केली. विदागार तारखेनुसार ओळींचे गट पाडते, प्रत्येक गटातील ओळी मोजते आणि उत्तर देते : ९ जुलै, ८२०, १० जुलै, ७६०, ११ जुलै, ७९०, १४ जुलै, ६८०, १५ जुलै, ८५०.

आपण सात दिवसांविषयी विचारले आणि उत्तर पाच ओळींचे आले. १२ आणि १३ जुलै या तारखा कोठे गेल्या? त्या दोन दिवशी बावटा चढलेला होता, लाँच सुटली नाही, तिकीट विकले गेले नाही. उत्तरात एकही आकडा खोटा नाही. तरीही ते पाहणाऱ्याची फसगत होते, कारण गळालेली गोष्ट आपण गळालो आहोत असे स्वतः सांगत नसते. या पाच आकड्यांचा आलेख काढला तर ११ तारखेचा बिंदू आणि १४ तारखेचा बिंदू एका सरळ रेषेने जोडला जातो, आणि मधले दोन दिवस सातशे-साडेसातशे माणसे जा-ये करीत होती असा भास निर्माण होतो. सरासरी काढली तर ३,९०० भागिले ५, म्हणजे ७८० हा आकडा मिळतो आणि तोच ‘दररोजची प्रवासीसंख्या’ म्हणून अहवालात जाऊन बसतो. ज्या दोन दिवशी उरणचा माणूस धक्क्यावरून परत फिरला, नेमके तेच दोन दिवस हिशेबातून नाहीसे होतात.

२. तारीख का गळते?

या घटनेचे मूळ विदागारांच्या तात्त्विक बैठकीत आहे. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या विदागारांचा पाया एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला गेला. त्या विचारानुसार कोष्टकातील प्रत्येक ओळ हे एक सत्य विधान असते : ‘अमुक क्रमांकाच्या तिकिटावर अमुक दिवशी एक प्रवासी गेला.’ कोष्टक म्हणजे अशा विधानांचा संच. ‘अमुक दिवशी कोणीही गेले नाही’ हे विधान मात्र त्या संचात कोठेही लिहिलेले नसते. जे लिहिलेले नाही ते असत्य मानावे, हा जो संकेत विदागार वापरताना आपण नकळत पाळतो, त्याची रेमंड राइटर यांनी १९७८ साली ‘बंदिस्त जगाचे गृहीतक’ या आशयाच्या नावाने चिकित्सा केली. या संकेतामुळे नकारार्थी विधान अनुमानाने काढता येते. परंतु विदागार ते आपणहून उच्चारत नाही. गट पाडावयाचे ते असलेल्या ओळींचे. जेथे ओळच नाही तेथे गट नाही, आणि जेथे गट नाही तेथे मोजणी नाही. शून्य मोजण्यासाठीदेखील मोजण्याची जागा असावी लागते.

आपल्याकडील जुन्या रोजकीर्दीशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. रोजकीर्द लिहिणारा कारकून प्रथम तारीख मांडतो आणि मग तिच्याखाली व्यवहार लिहितो. एखाद्या दिवशी व्यवहार झालाच नाही तरी तारीख मांडलेली असते, मागील शिल्लक पुढे ओढलेली असते. तिकिटांच्या कोष्टकात याच्या उलट स्थिती आहे. तेथे व्यवहार आधी असतो आणि तारीख ही त्या व्यवहाराचा एक गुण म्हणून त्याच्यामागून येते. व्यवहार नसेल तर गुण कोणाचा सांगावयाचा? तेव्हा हा यंत्राचा दोष नव्हे. आपण रोजकीर्दीस विचारावयाचा प्रश्न तिकिटांच्या गठ्ठ्यास विचारला, एवढाच याचा अर्थ.

३. तारखा बाहेरून आणाव्या लागतात

यावरून उपायाची दिशाही आपोआप निश्चित होते. तिकिटांच्या कोष्टकात ज्या तारखा नाहीत त्या त्याच कोष्टकातून काढता येणार नाहीत. त्या अन्य ठिकाणाहून आणल्या पाहिजेत. यासाठी दोन मार्ग रूढ आहेत.

पहिला मार्ग कायमस्वरूपी दिनकोष्टकाचा. विदागारात एक स्वतंत्र कोष्टक करावयाचे आणि त्यात प्रत्येक तारखेस एक ओळ द्यावयाची. एका शतकाच्या तारखा साडेछत्तीस हजारांच्या आसपास भरतात, आणि आजच्या संगणकास हा भार नगण्य आहे. तारखेशेजारी वार, सुट्टी, सण, भरतीचे वेळापत्रक अशी माहितीही त्यात ठेवता येते. भिंतीवरील दिनदर्शिका जे काम घरात करते तेच हे कोष्टक विदागारात करते.

दुसरा मार्ग आयत्या वेळी तारखा निर्माण करण्याचा. पोस्टग्रेस्क्यूएल या विदागारात ‘जनरेट सीरीज’ नावाचे फलन आहे. त्यास आरंभ, अंत आणि एक दिवसाची पायरी सांगितली की मधल्या सर्व तारखा ते ओळींच्या रूपाने देते. ज्या विदागारांत अशी सोय नाही त्यांत पुनरावर्ती पृच्छा वापरतात : पहिली ओळ आरंभीच्या तारखेची, पुढची प्रत्येक ओळ मागील तारखेत एक दिवस मिळवून, आणि अंतिम तारीख आली की विराम. पृच्छांच्या एस्क्यूएल या भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात ही रचना समाविष्ट झाली. मायएस्क्यूएलमध्ये ती २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

तारखांची अखंड मालिका हाती आल्यावर ती डाव्या बाजूस ठेवावयाची, तिकिटांचे कोष्टक उजव्या बाजूस ठेवावयाचे, आणि दोहोंची ‘लेफ्ट जॉइन’ या पद्धतीने सांगड घालावयाची. या सांगडीचा नियम असा की, डाव्या बाजूची प्रत्येक ओळ उत्तरात येतेच; उजव्या बाजूस तिचा जोडीदार असेल तर तो सोबत येतो, नसेल तर त्याची जागा रिक्त राहते. या रिक्त मूल्यास संगणकाच्या परिभाषेत ‘नल्’ म्हणतात. अशा रीतीने १२ आणि १३ जुलै या तारखा उत्तरात अवतरतात, आणि रोजकीर्दीप्रमाणे तारीख पुन्हा व्यवहाराच्या अगोदर येऊन बसते.

४. सांगड घालताना होणाऱ्या चुका

कृती सांगावयास सोपी असली तरी प्रत्यक्षात तीत चुका होतात, आणि त्या बहुधा ठराविकच असतात.

पहिली चूक मोजणीची. सांगड घातल्यानंतर ‘ओळी मोजा’ असे सांगितले तर १२ जुलैसमोर शून्य न येता १ येतो. कारण जोडीदार नसला तरी तारखेची स्वतःची एक ओळ तेथे आहेच. बावटा चढलेल्या दिवशीही एक प्रवासी पार गेला, असे चमत्कारिक उत्तर मिळते. म्हणून ओळी न मोजता उजव्या बाजूच्या तिकीट-क्रमांकाचा रकाना मोजावयास सांगावे. रिक्त मूल्ये त्या मोजणीत धरली जात नाहीत आणि शून्य योग्य प्रकारे येते.

दुसरी चूक अटीच्या जागेची. केवळ मोऱ्याची तिकिटे हवीत म्हणून ‘मार्ग मोरा असावा’ ही अट आपण सांगड पूर्ण झाल्यानंतरच्या गाळणीत घातली, तर ज्या ओळींत मार्गाचा रकाना रिक्त आहे त्या त्या गाळणीत अडकतात आणि प्रयासाने आणलेल्या तारखा पुन्हा नाहीशा होतात. ही अट सांगडीच्या कलमातच घातली पाहिजे.

तिसरी चूक मर्यादांची. आरंभ आणि अंत या तारखा तिकिटांच्या कोष्टकातील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या तारखेवरून ठरविल्या, तर महिन्याच्या प्रारंभी किंवा अखेरीस पडलेला खंड दिसतच नाही. कोणत्या कालखंडाविषयी आपण विचारीत आहोत हे विचारणाऱ्याने स्वतः सांगावे.

चौथी चूक अनेक मार्ग असताना होते. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यास आणि रेवसलाही लाँच जाते. मोऱ्याची सेवा बंद आणि रेवसची चालू असा एखादा दिवस असेल, तर तारीख उत्तरात दिसेल आणि तरीही मोऱ्याचा खंड लपून राहील. अशा वेळी प्रथम प्रत्येक तारखेची प्रत्येक मार्गाशी जोडी लावावी, आणि त्या जोड्यांची यादी डाव्या बाजूस ठेवावी.

पाचवी चूक सूक्ष्म आहे. पुष्कळ विदागारांत वेळ जागतिक प्रमाणवेळेने साठविलेली असते, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. भारतीय वेळेने १४ जुलैच्या पहाटे पाच वाजता विकलेले तिकीट त्या गणनेने १३ जुलैच्या रात्री साडेअकराचे ठरते. परिणामी, ज्या दिवशी एकही लाँच सुटली नाही त्या दिवसासमोर थोडीशी प्रवासीसंख्या दिसू लागते आणि खंड अर्धवट बुजतो. म्हणून वेळेवरून तारीख काढण्यापूर्वी ती स्थानिक वेळेत आणणे अवश्य आहे.

५. शून्य लिहावे की जागा रिक्त ठेवावी?

येथवरचे विवेचन तंत्राचे झाले. खरा प्रश्न यापुढेच आहे. तारीख उत्तरात आली. तिच्यासमोर काय लिहावे? पुष्कळ जण रिक्त जागी सरसकट शून्य भरतात, आणि विदागारांत तसे करण्यासाठी ‘कोअलेस’ नावाचे फलन तयारच असते. परंतु ते वापरण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे.

आपल्या शासकीय मराठीत एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे : ‘निरंक’. एखाद्या कचेरीकडून माहिती मागविली आणि सांगण्यासारखे काही नसले, तर ती निरंक अहवाल पाठविते. अहवाल न येणे वेगळे आणि निरंक अहवाल येणे वेगळे. पहिल्यात मौन आहे, दुसऱ्यात ‘काही नाही’ असे जबाबदारीने केलेले विधान आहे. विदागारातील शून्य हे निरंक आहे. रिक्त मूल्य हे ‘अप्राप्त’ आहे. सांगडीतून जी रिक्त जागा मिळते ती यांपैकी कोणती, हे विदागारास ठाऊक नसते, कारण दोन्ही प्रसंगी तिकिटांच्या कोष्टकात ओळ नसते.

आपल्या उदाहरणात समजा, १२ जुलै रोजी सेवा खरोखरच बंद होती. १३ जुलै रोजी मात्र दुपारी बावटा उतरला, काही फेऱ्या झाल्या, पण यंत्र बंद पडल्यामुळे तिकिटांची नोंद झाली नाही. मग १२ तारखेचे शून्य सत्य आहे आणि १३ तारखेचे शून्य असत्य आहे. आता सरासऱ्या पाहा. दोन्ही जागा रिक्त ठेवल्या तर सरासरी काढणारे फलन रिक्त मूल्ये वगळते आणि ७८० हाच आकडा देते. म्हणजे तारखा आणूनही सरासरीत काही फरक पडत नाही. दोन्ही ठिकाणी शून्य भरले तर ३,९०० भागिले ७, म्हणजे सुमारे ५५७ येतात. १२ तारखेस शून्य आणि १३ तारीख अप्राप्त धरली तर ३,९०० भागिले ६, म्हणजे ६५० येतात. एकाच नोंदवहीतून तीन सरासऱ्या निघाल्या. आठवड्यात एकूण ३,९०० प्रवासी गेले असेही आता म्हणता येत नाही. ‘निदान ३,९००’ एवढेच म्हणता येते.

शिवाय ज्या आठवड्यात एकही नोंद अप्राप्त नाही तेथेही कोणती सरासरी घ्यावी हे प्रश्नावर अवलंबून राहते. धक्क्यावरील निवारा किती मोठा बांधावा हे ठरविणाऱ्यास सेवा चालू असलेल्या दिवसांची सरासरी हवी. लाँचवर काम करणाऱ्याची महिन्याची मिळकत अजमावणाऱ्यास सर्व दिवसांची सरासरी हवी. आणि रोज पलीकडे जाऊन पोट भरणाऱ्या माणसास कोणत्याही सरासरीपेक्षा ‘किती दिवस मार्ग बंद होता’ हीच संख्या महत्त्वाची आहे. गळालेल्या तारखा आणल्याखेरीज ही तिसरी संख्या निघतच नाही.

मग अप्राप्त नोंद शेजारच्या नोंदींवरून भरून काढावी काय? पर्जन्यमापनात ही प्रथा आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच उत्तम दिसते. २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रुझ येथे ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत त्याच शहरातील कुलाबा येथे ७३.४ मिलिमीटर. सांताक्रुझची त्या दिवसाची नोंद हरवली असती आणि ती कुलाब्यावरून भरून काढली असती, तर मुंबईच्या इतिहासातील एका भीषण दिवसाची नोंद एक साधारण पावसाळी दिवस म्हणून झाली असती. अंदाजाने भरलेला आकडा कामाचा असू शकतो. पण तो अंदाज आहे हे वेगळ्या रकान्यात नमूद असलेच पाहिजे.

याच उदाहरणात आणखी एक धडा आहे. हवामानखात्याच्या पद्धतीनुसार सकाळी साडेआठ वाजता मोजलेला पाऊस त्या सकाळच्या तारखेस लिहितात. म्हणून लोकांच्या स्मरणातील २६ जुलैचा प्रलय पर्जन्याच्या कोष्टकात २७ जुलैसमोर आढळतो. आणि साध्या पर्जन्यमापकाचा निरीक्षक दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी भांड्यात तिन्ही दिवसांचे पाणी असते. तेथे आधीच्या दोन दिवसांस शून्य लिहिणे म्हणजे एकदा चुकणे नव्हे, तर तीनदा चुकणे होय.

६. ज्या तारखा मुळातच नसतात

रिकामी दिसणारी प्रत्येक जागा खंडच असते असेही नाही. आपले पंचांग याची साक्ष देते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी. तो सुमारे वीस ते सत्तावीस तासांच्या दरम्यान बदलतो. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढील सूर्योदयापूर्वीच संपली तर तिचा क्षय होतो, आणि दिनक्रमात ती दिसत नाही. तिथीवार लिहिलेल्या जुन्या दप्तराचे विदागार करताना पंचमीनंतर सप्तमी आली म्हणून मध्ये षष्ठीची ओळ घालणे चुकीचे ठरेल. उलट दोन सूर्योदयांस स्पर्श करणारी तिथी दोनदा आली म्हणून एक ओळ काढून टाकणेही चूकच. त्याचप्रमाणे ब्रिटिश कायद्याने १७५२ च्या सप्टेंबरमध्ये २ तारखेनंतर १४ तारीख धरण्यात आली. संगणकाकडून त्या महिन्याच्या तारखा निर्माण करविल्या तर तो निःशंकपणे तीस देईल. इंग्रजी दप्तरात त्या एकोणीसच असतात.

मोऱ्याच्या भरतीचेही असेच आहे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. परिणामी पंधरवड्यातून साधारण एकदा असा दिवस येतो की, त्या तारखेस दोन भरत्यांऐवजी एकच भरती येते. दुसरी मध्यरात्र ओलांडून पुढच्या तारखेत जाते. दर तारखेस दोन भरत्या हव्यात असा नियम बसवून रिकामी जागा भरणारा मनुष्य समुद्रात नसलेले पाणी कोष्टकात आणील.

७. उपसंहार

या विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. तारखांची अखंड मालिका बाहेरून आणून तिच्याशी नोंदींची सांगड घालणे हे तंत्र आहे, आणि ते कोणासही अल्पकाळात शिकता येते. परंतु त्या तारखेसमोरचे शून्य हे तंत्रातून निघत नाही; त्यासाठी साक्षीदार लागतो. म्हणून तिकिटांच्या कोष्टकाशेजारी सेवेच्या स्थितीची एक स्वतंत्र दैनंदिन नोंद ठेवावी : आज सेवा चालू, आज बंद व त्याचे कारण, किंवा आजची नोंद अप्राप्त. ही नोंद रोज, प्रवासी असोत वा नसोत, कोणीतरी केली पाहिजे. तसे झाले म्हणजे पृच्छा लिहिणाऱ्यास तर्क करावा लागत नाही : बंद असेल तेथे शून्य, अप्राप्त असेल तेथे रिक्त जागा.

अशी नोंद ठेवणे हे काही नवे शास्त्र नाही. व्यवहार नसलेल्या दिवशीही कीर्दीत तारीख मांडणारा कारकून आणि निरंक अहवालावर सही करणारा कर्मचारी हे काम करीतच आले आहेत. त्यांचे ते एका ओळीचे काम निरर्थक वाटते खरे. पण पावसाळ्यात मोऱ्याच्या धक्क्यावर किती दिवस लाँच आली नाही, हे पुढे कोणी विचारले तर त्याचे उत्तर त्या एका ओळीतच सापडणार आहे.